आसियामाच्या गळ्यातली किल्ली

माझ्या भाच्याला, आसियामाला, शेवटची आंघोळ मीच घातली. ते काम घराण्यातल्या म्हाताऱ्या बायांचं, आणि माझ्याएवढी म्हातारी आता कुणी उरलेली नाही. पांढरा झगा चढवला, मुठीत रुमाल दिला. गळ्यात काळ्या दोरीला बोटाच्या पेराएवढी धातूची कांडी होती. "काढू का?" कुणीतरी विचारलं.

"जिवंतपणी त्यानं कधी उतरवली नाही, आणि मेल्यावर तुम्ही हिसकावता? राहू द्या," मी दटावलं.

आसियामा दवाखान्याचा सर्व्हर सांभाळायचा. रोज संध्याकाळी सगळ्या नोंदींची नक्कल एका डबीत घ्यायचा आणि ती माझ्या पेटीत आणून ठेवायचा. "दवाखाना जळला तरी तुझी पेटी आहे, मावशी," म्हणायचा.

त्याचे चाळीस दिवस व्हायच्या आतच वीज पडली, सर्व्हर जळाला. मी मान ताठ ठेवून डबी नेऊन दिली. त्याच्या जागी आलेल्या डांक्वानं ती नव्या यंत्राला जोडली.

"आजी, नोंदी आहेत, पण कुलपात. कुलपाची किल्ली नोंदींपासून वेगळी ठेवतात. पेटी आणि किल्ली एका घरात ठेवायची नाही, हा आसियामादादाचाच नियम."

"मग किल्ली कुठाय?"

"काळ्या दोरीतल्या पेन ड्राइव्हवर. गळ्यात असायचा ना त्याच्या?"

ती तर मीच त्याच्याबरोबर मातीत जाऊ दिली होती.

आत खाटेवर माझी नात पोकुआ, सात वर्षांची, ओठ राखेसारखे. तिला जन्मापासून रक्ताचा आजार. कुणाचंही रक्त तिला चालत नाही. चालतं त्या नऊ माणसांची नावं त्या नोंदींत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. गावात दवंडी द्या, पूर्वी तिला रक्त दिलेली माणसं येतील."

दवंडी! म्हणजे माझी चूक गावभर बडवायची. मी म्हटलं, "दवंडी नको. थडगं उघडा."

माझा भाऊ, घराण्याचा कर्ता, ओरडला, "डोकं फिरलंय का तुझं? अजून तो घरातून पुरता गेलाही नाही!"

"मेलेल्याची समजूत काढायला मेंढी कापा, जमिनीवर दारू ओता, काय ते करा. पहार आणतोस, की मी आणू?"

त्यानं आणली. मेंढी कापली, दारू ओतली. सिमेंटची लादी फुटली, दोरी तांबड्या चिखलासकट वर आली. डांक्वानं कांडी पुसली, यंत्राला लावली, काढली, पुन्हा लावली.

"पाणी शिरलंय, आजी. यंत्र ओळखतच नाही हिला."

मग दवंडी दिलीच. घंटा बडवत माणूस गावाला तीन फेऱ्या मारून आला. कुणी फिरकलं नाही.

नऊ जणांपैकी मला एकच ठाऊक होती, पामतेल विकणारी फोसुआ. तिला मी आयुष्यभर नावं ठेवली. तिच्या दारात गेले. तिनं अर्धंच दार उघडलं आणि माझे हात पाहिले.

"थडग्याची माती घेऊन आलीस?"

"पोरीसाठी आले. एवढंच रक्त दे, बाई. मागंही दिलंस तू."

"मागं दिलं तेव्हा तुमच्या घरात थडग्यातून उठवलेला मेलेला माणूस नव्हता. माझं रक्त त्या घरात गेलं, तर तो रक्ताच्या मागावर माझ्या लेकरांपर्यंत येईल."

"मी त्याला उठवलं नाही गं, फक्त दोरी..."

"मेंढी कुणासाठी कापलीस मग?"

दार लागलं. मी पुढच्या घराकडे वळले. पोचायच्या आधीच तिथली कडी आतून सरकली, मग त्याच्या पलीकडची.