माझे इंजिन बदलले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी फियाट गाडी आहे. माझा रंग फिकट निळा, दिवे गोल, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या शेजारी. आता मी गुरुग्राममधल्या एका उंच सोसायटीच्या तळघरात उभी असते. येणारी-जाणारी मुले माझ्यासोबत फोटो काढतात. मला त्याचे फारसे काही वाटत नाही. मधली बरीच वर्षे मला कशाचेच काही वाटत नव्हते. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

मला विकत घेतले पद्माकररावांनी. ते केंद्र सरकारच्या एका खात्यात होते, पुण्याहून दिल्लीला बदली होऊन आलेले. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरसमोर, कडुनिंबाखाली, माझी जागा होती. रविवारी ते बनियनवरच बाहेर येत आणि मला धूत. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई गॅलरीतून हाक मारत, "अहो, गाडीची आंघोळ झाली असेल तर आता तुमची उरका!" त्यांचा मुलगा शार्दूल मागच्या सीटवर पाय दुमडून बसे. स्टेशनवरून पाहुणे आणायचे, मंडळाच्या गणपतीला जायचे, करोल बागेत दिवाळीची खरेदी करायची, सगळे माझ्यातूनच. डिसेंबरच्या धुक्यात मी लवकर चालू होत नसे. तेव्हा पद्माकरराव चोक ओढून, हात चोळत, माझी समजूत काढत बसत.

पुढे दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद झाला. पद्माकररावांची नोकरी संपली, क्वार्टर सुटले, आणि सगळे शार्दूलच्या गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मलाही क्रेनने उचलून आणले आणि ताडपत्रीखाली ठेवले. भंगारवाला विचारून जाई. पद्माकरराव नुसती नकारार्थी मान हलवत.

एका हिवाळ्यात ते गेले. त्या दिवशी खूप माणसे आली. कुणीतरी एक हार माझ्या बॉनेटवर, ताडपत्रीवरच, ठेवला आणि तो विसरला. तो तिथेच वाळला.

शार्दूल रडला नाही. दिवसकार्य झाले आणि तो लगेच ऑफिसला जाऊ लागला. रात्री उशिरापर्यंत काम, सकाळी पुन्हा मीटिंग. काही महिन्यांनी त्याने माझी ताडपत्री काढली आणि मला राघवच्या वर्कशॉपमध्ये नेले. राघव त्याचा कॉलेजचा मित्र. जुन्या गाड्यांचे पेट्रोल इंजिन काढून तो विजेची मोटर बसवतो.

राघवने मला वाकून, खालून, सगळीकडून पाहिले. "आधी स्टिअरिंग आणि सस्पेन्शन," तो म्हणाला. "पुढच्या स्प्रिंगा थकल्यात, मागचे स्प्रिंगचे कमानपाटे बसलेत. त्यात बॅटऱ्यांचं वजन येणार. हिला एवढ्या ओझ्याची सवय नाही यार."

"ते नंतर बघू. तू मोटर बसव. बाबांच्या वर्षश्राद्धाआधी मला आईला हिच्यातून फिरवून आणायचंय."

"शार्दूल, घाई नको."

"काही होत नाही रे. बिल्कुल नाही."

माझे इंजिन साखळीने वर उचलून काढले. तुम्हाला वाटेल, मला फार दुखले असेल. नाही दुखले. आत पोकळी झाली, एवढेच. मग तिथे मोटर आली. काही बॅटऱ्या पुढे बसल्या, काही डिकीत. मी खाली दबले. राघवने शार्दूलला बजावले, "बाकीचं काम होईपर्यंत ही गेटबाहेर जाणार नाही."

पण एका दुपारी राघव सुट्या भागांसाठी करोल बागेत गेला असताना शार्दूल आईला घेऊन आला. त्याने मला गेटबाहेर काढले. मोटरमध्ये जोर खूप होता आणि आवाज अजिबात नव्हता. आपण किती वेगात आहोत, हे कुणाला कळलेच नाही. वळण आले. शार्दूलने स्टिअरिंग फिरवले. ते आधी हातात नुसते सैल फिरले आणि मग एकदम जड झाले. जुन्या ब्रेकना मला थांबवता आले नाही. मी सरळ गेले आणि एका प्लॉटच्या भिंतीवर आदळले.

"आई गं!" कुमुदिनीबाईंनी मनगट धरले. ते मोडले होते.

शार्दूलने पहिली गोष्ट काय केली, सांगू? ऑफिसला उशीर होईल असा मेसेज टाकला. मग कॅब बोलावली आणि आईला दवाखान्यात नेले. त्याचा चेहरा जसा होता तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात दोघे वर्कशॉपमध्ये आले. कुमुदिनीबाईंचा हात प्लास्टरमध्ये होता.

"भंगारात देऊन टाक हिला," शार्दूल राघवला म्हणाला.

राघव काही बोलण्याआधी कुमुदिनीबाई बोलल्या. "हिची काय चूक? हिला पेलेल का, ते बघितलंस तू? आणि तुझं तरी तू कुठे बघतोस? बाबा गेल्यापासून एक दिवस थांबला नाहीस. आता थांब. काम पुरं होईपर्यंत दर शनिवारी इथे यायचं, स्वतःच्या हातांनी करायचं."

शार्दूल "बरं" म्हणाला. कुठल्याही ऑफिसच्या कामाला म्हणावे तसे.

वर्षश्राद्ध घरी झाले. मी जॅकवर चढवलेली होते. शनिवारमागून शनिवार गेले. मला पुढे दणकट स्प्रिंगा मिळाल्या, मागे नवे कमानपाटे, चारी बाजूंना शॉकअब्सॉर्बर, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. स्टिअरिंगची जुनी पेटी गेली. नव्याला मदतीसाठी एक छोटी मोटर आहे, त्यामुळे ते हलके फिरते. पूर्वी रस्त्यावरचा खडासुद्धा स्टिअरिंगमधून हातापर्यंत पोचायचा. आता तेवढा पोचत नाही. ते गेलेच.

एकदा राघव माझ्याखाली झोपून नटबोल्ट आवळत होता आणि शार्दूल स्टिअरिंगवर बसला होता.

"डावीकडे पूर्ण फिरव," राघव खालून म्हणाला.

शार्दूलने फिरवले. मग हळूच म्हणाला, "राघव, मला काहीच वाटत नाही रे. बाबा गेले तेव्हा नाही, आईला लागलं तेव्हाही नाही."

खाली पान्ह्याचा आवाज थांबला.

"ऐकलं मी," राघव म्हणाला. "आता उजवीकडे फिरव. सावकाश."

त्याने सावकाश फिरवले.

तपासणी झाली, विजेची गाडी म्हणून माझी नवी नोंद झाली. एका रविवारी सकाळी शार्दूल आईसाठी दार उघडून उभा राहिला. डॉक्टरांनी हात वापरायला परवानगी दिलेली होती. कुमुदिनीबाई वळसा घालून पलीकडे गेल्या.

"मी चालवते."

"आई, तू?"

"तुझ्या स्कूलबसचा संप झाला होता, तेव्हा महिनाभर कुणी सोडलं तुला?"

त्याला ते आठवत नव्हते. तो शेजारी बसला. त्यांनी एका हाताने स्टिअरिंग फिरवून पाहिले, दुसऱ्याने बेतानेच धरले, आणि मला बाहेर काढले. रस्ते रिकामे होते. वळणावर मी झुकले नाही. खड्डा आला तो माझ्या स्प्रिंगांनी गिळला. "चांगली वळते गं," त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी शेजारी शार्दूलकडे पाहिले.

तो झोपला होता. डोके काचेला टेकलेले, तोंड थोडे उघडे.

सोसायटीचे गेट आले. पहारेकऱ्याने आडवा दांडा वर केला. कुमुदिनीबाईंनी नकारार्थी मान हलवली आणि मला पुढे नेले. आम्ही तोच चौक, तोच उड्डाणपूल, तेच टॉवर फिरत राहिलो. ऊन चढले तरी त्या थांबल्या नाहीत.

मित्रांनो, कुणालाही जास्तीचे ओझे देण्याआधी वाकून पाहा, ते त्याला पेलणार आहे का. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याकडे तर दोनदा पाहा. आणि कधी त्याचा तुमच्या शेजारी डोळा लागलाच, तर घर आले म्हणून थांबू नका. आणखी एक फेरी मारा.