पुसलेली राधा

दसऱ्याच्या सकाळी देव घासून लखलखीत झाले आणि सुलूचे हात शिवशिवायला लागले. देवांशेजारची ताडपत्राची पोथी वर्षानुवर्षांच्या कुंकवाने डागाळलेली तिला बघवेना. सासऱ्यांच्या, म्हणजे विश्रामबाबांच्या आजोबांनी ती जगन्नाथपुरीहून इथे पाम गावाला आणलेली. पानापानावर काळ्या बारीक रेघांची चित्रं. देव्हाऱ्याला लावतात तसं सुलूने फडक्यावर खोबरेल घेतलं आणि पहिलं पान चोळलं. कुंकू निघालं. कुंकवामागोमाग राधाही निघाली.

फडकं काळं, पान कोरं. सुलूच्या तोंडचं पाणी पळालं. लहानपणी तिच्या नवऱ्याने, केदारने, पोथीला उष्टा हात लावला, तर बाबांनी कितीतरी दिवस पोटच्या पोराशी बोलणं टाकलं होतं. ती तर परक्या घरची. तिने केदारला फोन लावला, पण तो तारापूरला कारखान्यात, फोन लॉकरमध्ये. पान मधेच कुठेतरी दडपावं, असाही विचार तिच्या मनात येऊन गेला.

तेवढ्यात बाबा आंघोळ करून पाटावर येऊन बसलेच. "सुलू, पोती आन."

तिने पोथी पुढे ठेवली. बाबांनी कोऱ्या पानावर बोट टेकवलं आणि सावकाश फिरवलं.

"ही राधा. नदीच्या काठाला उबी हाय."

सुलू बघतच राहिली. टोमणा म्हणावा, तर चेहरा शांत, आणि नजर पानावर नव्हतीच, समोरच्या भिंतीवर होती. तिला राहवेना.

"बाबा, राधा पुसली मी. तेलानं."

बोट थांबलं. बाबांनी ते नाकाशी नेलं.

"काजल गेली फक्त. रेघा सुईनं कोरल्यात, त्या हायत."

"पन पान कोरं हाय. तुमाला दिसलं नाय?"

बाबांचा आवाज खाली आला. "कदीपासून नाय दिसत. केदारला बोलू नको. पोती काढून घेल तो माज्याकडून." आणि लगेच नेहमीसारखे खेकसले, "समईवर वाटी धर! काजल तेलात कालव आनि चोल पानाला."

सुलूने चोळलं. पान सगळंच काळंकुट्ट झालं. आता खरंच संपलं, असं वाटून तिला रडू फुटलं.

"पूस आता. कोरड्या फडक्यानं."

तिने पुसलं. काळं सरलं, पण रेघांमध्ये राहिलं. पदर आला, हात आले, शेवटी डोळे आले.

"आली का गो?" बाबांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"आली, बाबा."

"मग सांग मला," ते म्हणाले, "कशी दिसते?"