उत्पलाचं पोलकं

"मुंढा ढिला नको ठेवजो वं. इतवारले पोरीले पाह्यले येऊन राहिले," असं म्हणत बायजाबाईंनी गुलाबी कापडाची घडी मशीनवर ठेवली आणि स्टूल ओढून बसल्या. मागे त्यांची मुलगी चारुशीला उभी होती.

पंचफुलाचा टेप हातातच राहिला. पंधरा वर्षांत बाई जाड झाल्या होत्या, केस विरळ झाले होते, पण आवाज तोच होता आणि हनुवटीखालचा मसही तोच. या बाईला काय काय सुनवायचं, याची उजळणी पंचफुलाने पंधरा वर्षं मशीनवर पाय मारताना केली होती. आता बाई समोर आल्या, तर तिने नुसता टेप गुंडाळून ठेवला. बायजाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि माठात पाणी आहे का, ते विचारलं. त्यांनी तिला ओळखलंच नव्हतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

सहासष्ट साली नागपुरातल्या निम्म्या मुली एका साप्ताहिकातल्या गोष्टीवर जीव टाकत होत्या. गोष्टीतली उत्पला शाळेत मास्तरीण होती, कुणाचं ऐकून घेत नव्हती, आणि नेहमी काळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसायची. त्यावर पांढरं पोलकं. गळा बंद, बाही कोपराच्या खाली, बाहीला कापडाने मढवलेली तीन बटणं. लग्न झालेलं नसताना विधवेसारखं पांढरं कशाला, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, माझा रंग मी ठरवते.

सक्करदऱ्यातली पंचफुला तेव्हा एकोणीस वर्षांची होती. वाचनालयात उभ्याउभ्या ती प्रकरण वाचायची आणि घरी येईपर्यंत तिला ते पाठ झालेलं असायचं. त्या एका बाहीपायी ती बेतणं शिकली. वडिलांच्या सदऱ्याचं पॉपलिन उरलं होतं, त्यातून तिने उत्पलाचं पोलकं शिवलं. एरवी खांदे पाडून चालणारी ही मुलगी ते घातलं की ताठ चालायची. वडील गमतीने म्हणायचे, मास्तरीणबाई निघाल्या.

मग तिला पाहायला पाहुणे आले. पंचफुलाने हट्ट धरला की मी हेच घालणार. आईने डोळ्यांत पाणी आणलं, वडील म्हणाले घालू दे. आपण वाचलं ते साऱ्या जगाने वाचलेलं असतं, अशी त्या वयात पोरींची समजूत असते. शेजारणीकडून काळ्या काठाचं लुगडं मागून आणून, पोह्यांच्या बशा घेऊन ती बाहेर आली. मुलगा गिरिधर. त्याने मान वर करून पाहिलं आणि तो थोडासा हसलाही. तेवढ्यात त्याची मोठी वहिनी, म्हणजे या बायजाबाई, बशी हातात धरून सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "पोरगी पाह्यले आलो का मयतीले?"

बैठक हसली. गिरिधरने मान खाली घातली ती उठेपर्यंत वर केली नाही. पोहे तसेच राहिले.

ते वाक्य पुढे प्रत्येक स्थळाच्या आधी पोचलं. चार वर्षांत चार ठिकाणांहून नकार आला. एका ठिकाणी तर मयतीवाली तीच का, असं सरळ विचारलं. मग वडिलांनी स्थळं पाहणं सोडलं, आणि पुढे आईवडील दोघंही गेले. पंचफुला बायकांचे कपडे शिवू लागली आणि तिचा हात चांगला म्हणून थेट महाल भागातून बायका येऊ लागल्या. पण ती बाही तिने कुणाला शिवून दिली नाही. जमत नाही म्हणायची.

आणि आता चारुशीलाने पर्समधून सिनेमाच्या मासिकातलं पान काढलं होतं. त्या जुन्या गोष्टीवर हिंदी सिनेमा आला होता, आणि सीताबर्डीवर निघालं की दर दहा मुलींमागे एकीची बाही कोपराखाली असायची.

"ताई, अशी बाही पाहिजे. उत्पलासारखी."

पंचफुला काही देवमाणूस नव्हती आणि मी तिला तसं करणारही नाही. पहिला विचार तिच्या मनात आला तो मुंढा इतका तंग बेतायचा की पोरगी ट्रे घेऊन वाकली की बगलेत फाटला पाहिजे. पण फाटलं तर नाव शिवणारणीचं जातं. मग तिला दुसरं सुचलं. तिला तेच वाक्य हवं होतं. बायजाबाईंच्या घरात, त्यांच्याच पोह्यांची बशी हातात धरून, कुणा परक्या बाईने ते म्हणायला हवं होतं.

तिने ट्रंकेतून साप्ताहिकाची, कधीकाळी रद्दीतून जमवलेली पिवळी पानं आणली आणि चारुशीलापुढे चित्र धरलं. "सिनेमावाल्यानं गुलाबी केलं. खरी उत्पला हे अशी. लुगडं बी पांढरं, पोलकं बी."

चारुशीला चित्राकडे बघतच राहिली. बायजाबाई मात्र कुरकुरल्या. पाहण्याच्या दिवशी पांढरं, ते कसं दिसेल, लोक काय म्हणतील. पंचफुलाने हळूहळू सगळं काढून घेतलं. स्थळ प्रताप नगरचं, मुलगा बँकेत, मुलाची आई प्रेमिलाबाई शाळेत शिकवणारी.

"मंग तर पांढरंच पाहिजे, मावशी," ती म्हणाली. "शिकलेल्या घरात आता हेच चालते. गुलाबी तं साऱ्याच नेसते."

आपण अडाणी दिसू, या भीतीने बायजाबाई लगेच कबूल झाल्या आणि गुलाबी कापड बदलून पांढरं आणून दिलं.

ते पोलकं तिने चार दिवस शिवलं. इतकी बारीक शिवण तिने आयुष्यात घातली नसेल. मनात विष होतं, पण हाताला सवय चांगल्या कामाचीच होती. बटणं तिने एकेक करून मढवली, आणि कुशीच्या शिवणीत दोन बोटं कापडही आत सोडलं. लग्नाच्या मुलीचं पोलकं तसंच शिवतात, पुढे अंग भरलं की उसवून मोठं करता यावं म्हणून. रविवारी चार वाजता तिने मशीन बंद ठेवलं आणि ओट्यावर बसून राहिली. आता पोहे आले असतील. आता ती बाई तोंड उघडत असेल. तिला फार बरं वाटलं.

मंगळवारी बायजाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या.

प्रेमिलाबाईंनी म्हणे मुलीला पाहताच उठून तिचा हात धरला. बाहीच्या बटणांवरून बोट फिरवलं. मुलगा लहान असताना आपण ही गोष्ट वाचत होतो, असं पोलकं एकदा तरी घालावं म्हणून रडलो होतो, पण सासूबाईंनी घालू दिलं नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं. चहा व्हायच्या आत होकार दिला. लग्न माघात.

"तुह्या हाताले यश आहे वं," बायजाबाई म्हणाल्या आणि पिशवीतून एक कापड काढलं. "मले बी तसंच एक शिवून दे. लग्नात घालीन."

पंचफुलाने हातातला पेढा पुड्यात परत ठेवला.

"मावशी, सहासष्ट साली तुम्ही दिरासाठी पोरगी पाह्यले याच गल्लीत आल्या होत्या. पांढऱ्या लुगड्यातली. तिले काय म्हणलं, याद आहे?"

बायजाबाईंनी खरोखरच आठवून पाहिलं. "गिरिधरसाठी अकरा पोरी पाह्यल्या. कोन याद ठेवते? काहून?"

"पोरगी पाह्यले आलो का मयतीले, असं म्हणलं तुम्ही. थे पोरगी मीच."

बायजाबाईंनी तिला निरखून पाहिलं. मग त्यांच्या ध्यानात आलं. "मंग इतवारले पांढरं… तू जाणूनबुजून सांगतलं काय?"

"हाव. तुमच्या घरात कोनीतरी थेच म्हणावं म्हणून."

"पन झालं तं चांगलंच नं," बायजाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"हाव, पोरीचं चांगलं झालं." पंचफुलाने त्यांच्या कापडाची घडी होती तशीच त्यांच्या मांडीवर ठेवली. "तुमचं पोलकं मी शिवत नाही, मावशी."

बायजाबाईंनी कापड पिशवीत कोंबलं. दारात चपला घातल्या आणि त्या निघून गेल्या. पेढे मशीनवर राहिले. पंधरा वर्षं पोसलेला सूड एवढ्याशा नकारात संपला, याचा पंचफुलाला भयंकर राग आला. जिच्यावर दात धरला तिच्या तर ते ध्यानातही नव्हतं. आणि ज्या पांढऱ्याने आपलं सगळं गेलं, त्याच पांढऱ्याने तिच्या पोरीचं सगळं झालं. ती मशीनवर डोकं टेकून बसली आणि मनसोक्त रडली.

दुपारी तिने ट्रंकेच्या तळातून आपलं पोलकं काढलं. अंगात जाईना. तेव्हा तिने ब्लेड घेऊन दोन्ही कुशींची शिवण उसवली. एकोणिसाव्या वर्षी आईने बजावून आत सोडायला लावलेलं दोन बोटं कापड मोकळं झालं. बाकीचं पोलकं पिवळं पडलं होतं. हे कापड शिवलं त्या दिवशीइतकंच पांढरं होतं.

तिने नव्या मापाची शिवण मारली, पोलकं घातलं, तिन्ही बटणं लावली आणि पिशवी घेऊन भाजीला निघाली. दोन्ही कुशींना बगलेपासून कमरेपर्यंत पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या. पदर ओढून घेतला असता तर झाकल्या असत्या. तिने ओढला नाही.