हवालदाराला कुणी ‘खा’ म्हणायचं नाही

ऐक गं, आधी नुसतं ऐक, मधी एक अक्षर बोलू नको. आपल्या शिवांजलीनं कुत्रं आणलं. तू म्हणशील त्यात काय एवढं, अर्ध्या गावात कुत्री हायत. पण हे कुत्रं तसलं न्हाय. हे कुत्रं लाजतं. नव्या नवरीनं लाजू न्हाय इतकं लाजतं!

उमरग्याला हायवेच्या कडंला ते जनावरांचे डॉक्टर न्हाईत का, त्यांच्या दवाखान्यामागं होतं ते. तिथला एक ढाबा बंद पडला. मालकानं खाटा नेल्या, तंदूर नेला, पाटी सुद्धा काढून नेली, आन कुत्रं तेवढं ठेवून गेला. शिवांजली गेली होती म्हशीचं औषध आणायला. औषध तिथंच टेबलावर विसरली आन कुत्रं घेऊन आली.

अंगावर पार खाकी रंग, कमरेला काळा पट्टा. तिचे अण्णा, सिद्रामप्पा, दारातच म्हणाले, “हे काय, हवालदार घेऊन आलीस का?” झालं, तेच नाव पडलं. आन हवालदारसाहेब घरात आल्या आल्या जे बाजेखाली घुसले, ते तिथंच. रात्री कधी तरी बाहेर जाऊन येत असतील तेवढंच.

अण्णांनी दोन दिवस बघितलं, मग म्हणाले, “पोरी, आपल्याला कुत्रं पायजे शेतावर. रानडुकरं हरभरा उकरायलीत. हे बाजेखाली बसून डुकरं हाणणार हाय का?”

“अण्णा, नवीन हाय ते. जरा दम धरा की.”

“धरतो. येळवशीच्या सणापर्यंत धरतो. तवर माणसात आलं, चार लोकांत वावरलं, तर राहू दे. न्हायतर जिथनं आणलंस तिथं सोडून यायचं.”

आन तिथं सोडायचं म्हणजे काय ते शिवांजलीला ठाऊक होतं. एक गोडाऊनवाला डॉक्टरांच्या मागंच लागला होता, राखणीला द्या म्हणून. तो पत्र्याच्या शेडात साखळीला बांधून ठेवणार होता. हे डोक्यात आलं की तिला घास गिळंना.

घास तर हवालदाराला बी गिळंना. आता बघ, आपल्याकडं कसंय. दारात कुणी आलं की त्याला खाऊ घातल्याशिवाय आपल्याला चैन पडत न्हाय. आन तो न्हाय म्हणला की आपल्या अंगात येतं! शिवांजलीची आई बाजेम्होरं मांडी घालून बसायची. “खा की रे बाळा. दुधात कुस्करलीय. अर्धी तरी खा. माझ्या गळ्याची आण हाय.” कुत्र्याला गळ्याची आण! शेजारची कडूबाई यायची, वाकून बाजेखाली तोंड घालायची, “लाजू नको बाबा, आपलंच घर समज.” अण्णा सुद्धा, वरनं एवढं कडक बोलायचे, पण जाता जाता विचारायचे, “का रं, भाकर कडक झालीय का?”

आन जेवढं लोक म्हणायचे खा, तेवढं ते मागं सरकायचं. शेवटी पार भिंतीला चिकटलं. दुधातली भाकर सकाळी कोंबड्या खायच्या. कोंबड्या लई खूश होत्या.

मग एक दिवस काय झालं, शिवांजली बाजेकडं पाठ करून फोनवर बोलत बसली होती. घरात दुसरं कुणी न्हाय. आन मागनं आवाज, कुडुम कुडुम. वळून बघितलं की आवाज बंद. परत तोंड फिरवलं, परत कुडुम कुडुम. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! ह्याला भूक हाय, भाकर बी आवडतीय. ह्याला आपला आग्रह झेपंना झालाय.

तिनं त्याच संध्याकाळी सगळ्यांना समोर बसवलं. “आजपासनं हवालदाराला कुणी खा म्हणायचं न्हाय. त्याच्याकडं बघायचं न्हाय. ताट ठेवायचं आन पाठ फिरवायची.”

आई म्हणाली, “अगं, मुक्यानं वाढायला ही काय खानावळ हाय का?”

“आन एकमेकांना बी म्हणायचं न्हाय. त्याला काय कळतंय कुणाला म्हणायलाव ते. ‘घ्या की, खा की’ असा सूर निघाला की तो पळतो.”

अण्णांचा घास हातातच राहिला. “म्हणजे मला बी न्हाय?”

“तुम्हाला बी न्हाय.”

अण्णांना लग्नापासनं ठाऊकच न्हाय, दुसरी भाकर मागायची कशी असती ते. आता ते स्वतःच्या हातानं टोपलीतली भाकर घ्यायला लागले, चोरून घेतल्यागत इकडं तिकडं बघत. आन सगळं घर एकमेकांकडं पाठ करून जेवायचं. एकदा कडूबाईनं डोकावून बघितलं, तिघं तीन दिशांना तोंड करून मुकाट जेवायलेत. तिला वाटलं लई मोठं भांडण झालंय. बिचारी दोन तास समजूत काढत बसली, की शिवंचं लग्न व्हायचंय, घरात असं बरं दिसत न्हाय म्हणून!

पण गुण आला बघ. आधी बाजेखालनं नाक दिसायला लागलं. मग अख्खं तोंड. मग शिवांजली एकटी असली की तो उंबऱ्यापर्यंत यायचा. अण्णांची चप्पल वाजली की परत आत. अण्णा म्हणायचे, “मला काय दिसलं न्हाय बाबा.” आन अशातच येळवस आली.

आता येळवस म्हणजे तुला काय सांगायचं. शेतात कडब्याची कोप, खोपटंच ते, करायची, लक्ष्मी पुजायची, आन मग सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, ताकातली आंबील. बांधावरनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला सुद्धा हाताला धरून आणायचं आन त्याच्या पोटाला तडस लागंपर्यंत वाढायचं. वर्षातला सगळ्यात जास्त आग्रहाचा दिवस! आन शिवांजलीला त्याच दिवशी कुणाला ‘घ्या’ म्हणू द्यायचं नव्हतं.

हवालदाराला ट्रॉलीत गोधडीखाली घालून नेलं. शेतात उतरवला तर तो सरळ ट्रॉलीखाली. अण्णांनी नुसतं बघितलं. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

सकाळची पूजा झाली. अण्णांनी डोक्यावर घोंगडं घेऊन ‘ओलगे ओलगे’ करत सगळ्या रानात चर शिंपला, म्हणजे पीक जोमात यावं म्हणून आंबील आन भज्जी पिकावर उडवली. आता जेवायला बसायचं, तेवढ्यात धाराशिवहून शिवगंगा आत्या आन तिचे मालक, शांतलिंग मामा, गाडीतनं उतरले.

हे मामा म्हणजे काय आसामी हाय तुला सांगते. घरचे जावई, त्यात हापिसात साहेब. जेवायला बसले की पहिलं वाढताच पत्रावळीवर हात आडवा धरणार, “पुरे, पुरे, मला भूकच न्हाय.” मग आपण म्हणायचं, असं कसं, घ्या की. ते म्हणणार नको. आपण त्यांच्या बोटांच्या फटीतनं वाढायचं. आन मग मामा असं जेवतात, असं जेवतात, की मागच्या पंगतीला आंबील कमी पडती. पण पहिल्यांदा नको म्हणल्याशिवाय त्यांचा घास उतरत न्हाय.

शिवांजली अण्णांच्या कानाला लागली, “मामांना आधी सांगून टाकू का?”

“काय सांगशील? ‘कुत्रं लाजतंय म्हणून तुम्हाला वाढत न्हाय’? जावयाला?”

“मग काय करायचं?”

“मला काय विचारतीस? नेम तुझा, कुत्रं तुझं.”

ती आईकडं गेली. आईचे तर डोळे भरून आले होते. “शिवे, जावयाला घ्या म्हणायचं न्हाय? येळवशीला? मला पाप लागंल गं.”

“आई, आजचाच दिवस हाय. तू एकदा घ्या म्हणालीस की ते दिवसभर ट्रॉलीखालनं निघत न्हाय. आन उद्या अण्णा त्याला नेऊन सोडतेत.”

आईनं ट्रॉलीकडं बघितलं, मामांकडं बघितलं, आन पदराचा बोळा तोंडात धरला. म्हणजे चुकून बी शब्द बाहेर पडू नये!

पंगत बसली. आईनं मामांना पळीभर भज्जी, एक उंडा वाढला. मामांनी नेहमीगत हात आडवा धरला, “बस बस वैनी. भूकच न्हाय.”

आई थांबली. आन पुढं गेली.

मामांचा हात तसाच पत्रावळीवर! त्यांना वाटलं आई भांडं बदलायला गेली. मग आंबील आली. “नको नको,” मामा म्हणाले, जरा हळूच म्हणाले. आंबील बी पुढं गेली. खीर आली. मामांनी हात धरला खरा, पण बोटं चांगली फाकवून धरली, एवढी की म्हशीचं तोंड आत जाईल. आईनं पदर आणखी घट्ट चावला आन खीर पुढं नेली. आत्याला आईनं पंगतीआधी कानात सांगितलं होतं, त्यामुळं ती मान खाली घालून गुपचूप हसायली. अण्णा ज्वारीच्या कणसाकडं असं बघायले की जणू पहिल्यांदाच ज्वारी बघितली.

मामांचं तोंड लाल झालं. “माझं झालं,” म्हणाले. वाढलेल्याला हात सुद्धा लावला न्हाय. बसल्या जागी पार मागं वळले आन रानाकडं तोंड करून गप. एक शब्द न्हाय, हालणं न्हाय. रुसले!

आन बघ हं गंमत. त्या अख्ख्या शिवारात शिवांजलीचा नेम कुणी अगदी बरोब्बर पाळला असेल तर तो मामांनी. पाठ फिरवलेली. मुकाट. आन मागं वाढलेली पत्रावळ.

ट्रॉलीखालनं आधी नाक आलं. मग तोंड. मग सगळा हवालदार, दिवसाउजेडी, एवढ्या माणसांत! पोट जमिनीला घासत, एक पाय टाकून थांबायचा, मग दुसरा. शिवांजलीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बाकी सगळे रुसलेल्या जावयाकडं बघायचं टाळण्यात गुंतलेले, कुणाचंच ध्यान न्हाय. हवालदार पत्रावळीपाशी पोचला. भज्जी खाल्ली. उंडा खाल्ला. पत्रावळ अशी चाटली की पानांच्या शिरा चमकायला लागल्या. आन पळाला न्हाय! तिथंच मामांच्या मागं बसून ओठ चाटायला लागला.

शिवांजलीला नाचावं वाटलं. अण्णांना हाक मारणार, एवढ्यात आई वळली.

आईला कुत्रं दिसलंच न्हाय, मामांच्या आडोशाला होतं ते. तिला दिसली रिकामी पत्रावळ. जावयानं सगळं साफ केलंय आन पुढं काय वाढलेलं न्हाय! तिच्या तोंडातला बोळा गळून पडला. “अगं बाई, भावजी! सगळं संपवलं की! आन आमी बसलोय दगडासारखे! घ्या, घ्या भावजी, ही भज्जी घ्या, आन दोन उंडे, न्हाय म्हणायचं न्हाय, खीर घ्या, माझ्या गळ्याची आण हाय!” आन त्याच पत्रावळीवर, त्याच चाटलेल्या पत्रावळीवर, ढीग!

मामांचं तोंड उजळलं गं. इतक्या वेळानं कुणी तरी घ्या म्हणालं! ते वळले. “आता एवढं म्हणताव तर…” म्हणत बाह्या वर केल्या. भज्जीत बोटं घालणार.

आता शिवांजलीनं काय करावं? सांगावं, तर जावयाच्या पत्रावळीत कुत्र्यानं तोंड घातलं म्हणून येळवशीलाच बोभाटा, आन हवालदार गेलाच साखळीला. न सांगावं, तर मामा कुत्र्याचं उष्टं खाणार, आन ते बी मिटक्या मारत!

तिनं विचार केलाच न्हाय. झडप घातली, मामांच्या हाताखालनं पत्रावळ उचलली आन पळत सुटली. ज्वारीत घुसली, आन मूठमूठ भज्जी पिकावर उडवत ओरडायला लागली, “ओलगे ओलगे! ओलगे ओलगे!”

सगळी पंगत आ वासून उभी. अण्णा म्हणाले, “अगं, चर सकाळीच शिंपलाय की!”

पण तिच्या मागनं कोण पळालं असेल? हवालदार! त्याचं जेवण चाललं होतं ना पत्रावळीतनं! शेपूट वर, कान वर, ज्वारीच्या तासातनं सुसाट, आन मधीच उडी मारून भुंकला. पहिल्यांदा. असा भुंकला की हरभऱ्यातनं तित्तरं भुर्रकन उडाली. अण्णा कमरेवर हात ठेवून बघतच राहिले. “आरं,” म्हणाले, “हे तर भुंकतंय की!” आन मग ओरडले, “ए हवालदार! हरभरा तुडवू नको!” नावानं हाक मारली त्यांनी. बघ तू.

ती परत आली तवर आईनं मामांना नवी पत्रावळ भरून दिली होती. मामांचं तोंड भरलेलं, पण डोळे तिच्यावर. “शिवांजली,” म्हणाले, “माझीच पत्रावळ का नेलीस गं?”

हवालदार तिच्या पायाशी धापा टाकतोय. आन ती काय म्हणाली असेल? म्हणाली, “मामा, जावयाच्या पत्रावळीतलं शिंपलं की पीक जोमात येतं. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलंय.”

मामांची छाती एवढी फुगली! अण्णांनी सुद्धा मान डोलवली, “व्हय, ऐकलंय म्या बी.” काय ऐकलंय? तिनं तिथंच जन्माला घातलं ते! आन आता आत्या अख्ख्या धाराशिवात सांगत फिरायलीय, आन मामांनी फोन करून बजावलंय, पुढच्या येळवशीला माझी पत्रावळ शिंपल्याशिवाय कुणी जेवायला बसायचं न्हाय. हवालदार शेतावरच असतो आता, अण्णांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपतो. आन शिवांजली अजून इचारच करायलीय, की खरं सांगावं का कायमचं गप बसावं.

आता बोल तू. मामांचा हात भज्जीत जायला लागलाय, मागं हवालदार ओठ चाटतोय. तू असतीस तर काय केलं असतंस?