भर उन्हात चालू केलेला हीटर

मित्रांनो, मी एक जुना हीटर आहे. एका लाल, बुटक्या, दोन दारांच्या स्पोर्ट्स कारमध्ये डॅशबोर्डच्या मागे माझी जागा आहे. पितळेच्या बारीक नळ्या, त्यांवर पातळ पत्र्याच्या पट्ट्या आणि पाठीशी एक पंखा, एवढाच माझा संसार. इंजिनाला थंड ठेवता ठेवता जे पाणी तापते, त्यातले थोडे माझ्या नळ्यांतून फिरते. पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि ती गरम हवा गाडीत येते.

माझे पहिले मालक डोंगरातल्या एका थंड गावचे डॉक्टर होते. पहाटे रोग्याचा निरोप आला, की ते गाडी काढत. काचेवर दव धरलेले असे. इंजिन जरा तापले, की ते माझे बटण फिरवत आणि दोन मिनिटांत काच लख्ख होई. "याच्याशिवाय माझी गाडी आंधळी," असे ते शेजाऱ्यांना सांगत. त्या दिवसांत माझी कॉलर ताठ असायची.

पुढे डॉक्टर थकले आणि गाडी विकली गेली. आम्ही आलो ते एका रखरखीत शहरात. तिथे मला कोण विचारणार? नऊ वर्षांत माझ्या बटणाला एकदाही हात लागला नाही. पंख्यात वाळक्या पानांचा चुरा शिरला, नळ्यांत गंज साचला. गाडीत असून नसल्यासारखा मी पडून राहिलो.

शेवटी गाडी एका गॅरेजवाल्या मामांनी घेतली, ती त्यांच्या भाचीसाठी. ही भाची आठवडाभर शहरात बस चालवायची आणि सुटीच्या दिवशी शर्यतीचा सराव करायची. वरच्या गटात जायला वर्षात एक तरी शर्यत पुरी करावी लागे. तिच्या दोन शर्यती अर्ध्यावरच संपल्या होत्या. दोन्ही वेळा इंजिन तापले होते. आता वर्षातली एकच शर्यत उरली होती.

गाडी हलकी व्हावी म्हणून ती एकेक वस्तू काढत सुटली. गालिचा गेला, स्पीकर गेले. मग पाना घेऊन ती माझ्याकडे वळली.

"मामा, हा पण काढते. चार किलोचं ओझं आहे नुसतं."

"तो राहू दे," मामा म्हणाले.

"या उन्हात हीटर कशाला हवा?"

"तुला नकोय गं, इंजिनाला हवाय. त्याच्यात इंजिनाचंच पाणी फिरतं. छोटा रेडिएटरच समज."

मामांनी नुसते बोलून सोडले नाही. त्यांनी माझ्या नळ्यांत उलट बाजूने पाणी सोडले. आधी चहासारखे तांबडे पाणी आले, मग फिकट, मग स्वच्छ. नऊ वर्षांनी मला मोकळा श्वास मिळाला.

शर्यतीच्या दिवशी मामांनी खिडकीत वाकून तिला बजावले, "इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीजवळ गेला, तर पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून राहू नको, बाजूला हो, म्हणजे रेडिएटरला ताजी हवा मिळेल. वरचा गिअर टाक. तरी उतरला नाही, तर हीटर पूर्ण उघड."

"शिजेन मी मामा."

"तू शिजलीस तर पाणी पिऊन बरी होशील. इंजिन शिजलं तर संपलंच."

सोळा फेऱ्यांची शर्यत होती. आठ फेऱ्या आम्ही वाऱ्यासारखे पळालो. नवव्या फेरीत पुढे एक पांढरी गाडी आडवी आली. भाची तिच्या मागोमाग राहिली आणि त्या गाडीची सगळी गरम हवा आमच्या रेडिएटरवर येऊ लागली. अकराव्या फेरीत ती पुटपुटली, "चढला काटा."

ती बाजूला झाली. वरचा गिअर टाकला. काटा थांबला, पण उतरेना. इंजिनाचा आवाज जड झाला होता. थांबावे, तर तिसरी शर्यतही गेली. पळावे, तर इंजिन गेले. दोन वळणे तिने काट्यावर नजर ठेवली. मग तिने माझे बटण शेवटपर्यंत फिरवले.

उकळते पाणी माझ्यात धावत आले. मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू. पंखा खडखडला, उरलासुरला पाचोळा तिच्या अंगावर उडाला आणि पाठोपाठ आगीसारखी हवा सुटली. तिच्या डोळ्यांत घाम उतरला, नडगी भाजू लागली. मी मात्र जीव तोडून उष्णता ओढत होतो आणि बाहेर फेकत होतो. जुन्या नळ्या टिकतील का, ही धाकधूक होतीच.

"उतरतोय," ती म्हणाली. "उतरतोय, उतरतोय."

तीन फेऱ्या तिने गाडी सांभाळून नेली. काटा मधोमध आला. पांढरी गाडी अजून नजरेच्या टप्प्यात होती. शेवटच्या फेरीत भाचीने सगळा जोर लावला, शेवटच्या वळणावर आतली बाजू धरली आणि आम्ही त्या पांढऱ्या गाडीच्या आधी रेषा ओलांडली. चौदा गाड्यांत सातवा नंबर आला, आणि शर्यत पुरी झाली.

तरीही तिने इंजिन लगेच बंद केले नाही. एक फेरी संथ मारली आणि मग बॉनेट उघडून ते हळू चालू ठेवले. कुणी एक उत्साही गृहस्थ रेडिएटरचे झाकण उघडायला धावले, तेव्हा तिने त्यांचे मनगट धरले. "हात लावू नका. आत उकळतंय. निवू दे आधी."

मामा आले. घामाने निथळणाऱ्या भाचीकडे त्यांनी पाहिले, मग खिडकीतून हात घालून माझ्या झरोक्यासमोर धरला. चटका बसत होता, तरी बराच वेळ धरून ठेवला. मला तेवढे पुरले.

आता ऐन उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा ती मला पाच मिनिटे चालवते. येणारीजाणारी माणसे तिला वेडी म्हणतात. ती घाम पुसते आणि माझ्या नळ्या तपासते. मित्रांनो, तुमच्याही घरात रोज न लागणारी एखादी वस्तू असेल. तिच्यावरची धूळ पुसा, तिला अधूनमधून चालवून पाहा. तिलाही कामाला यायचे असते, फक्त तसे सांगता येत नाही.