आलेखावरची टेकडी

नखाएवढा पितळी स्क्रू, तळहातावर अजून गार... उद्या परीक्षक येणार म्हणून ती सकाळी यंत्रामागची धूळ पुसत होती, तेव्हा तो टेबलाखाली सापडला. वर पाहिलं तर अर्थिंगची तार सुटी लोंबत होती. तिने सहज, शर्टाचं बटण लावावं तसा, तो जागेवर आवळला आणि पडद्यावरच्या आलेखात मधेच उंचावणारी रेघ, ती टेकडी, नाहीशी झाली. काढला, आली. आवळला, गेली. पुन्हा काढला, आली. म्हणजे तपासायला ठेवलेल्या धातूतून काही येतच नव्हतं — शेजारच्या पंपाची घरघर तेवढी यंत्रात शिरत होती, आणि आपण तीन वर्षं तिच्यावर प्रबंध लिहीत बसलो.

चालू यंत्राला हात लावायचा नाही, हा इथला दंडक. टेकडी उमटली त्या दिवसापासून सगळे त्याच्यापासून दोन पावलं लांबच उभे राहायचे. टेकडी हे नावही तिच्या मार्गदर्शक सरांचंच. त्याआधी सर या विभागात अडगळीत पडल्यासारखे होते, चहालासुद्धा त्यांना कुणी हाक मारत नसे. टेकडीवरचा शोधनिबंध छापून आला आणि लोक त्यांचं दार वाजवून, विचारून आत येऊ लागले. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार... सांगायला तर हवंच. पण सांगितलं की संपलं सगळं, त्यांचंही आणि माझंही. आणि आईला काय सांगू, जी फोनवर रोज विचारते, "आता तरी सुटशील ना गं बाई?"

दुपारी सर डोकावले.

"आहे ना जागेवर?"

"आहे, सर."

"हात नको लावूस हं कशाला." ते पडद्याकडे बघत राहिले, झोपलेल्या नातवाकडे बघावं तसे. ती बोलणार होती, तोंडही उघडलं होतं, पण ते हसतच निघून गेले.

मग पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल. लंबक झुलत होते, मुलं कुजबुजत होती. एका मुलीने भीतभीत विचारलं, "मॅडम, माझं उत्तर जुळत नाहीये. आलंय तेच लिहू, की पुस्तकातलं?"

"आलंय तेच लिहायचं," ती फाडकन म्हणाली. मुलगी ओशाळली आणि मान खाली घालून लिहू लागली.

ते उत्तर किती सहज आलं... आणि सकाळी? सकाळी स्क्रू दुसऱ्यांदा काढला, टेकडी परत आली, तेव्हा काय वाटलं होतं मला? भीती नव्हे. लाजही नव्हे. हरवलेलं मूल गर्दीत सापडावं तसा आनंद झाला होता, अगदी खराखुरा. खोटं आहे हे कळल्यानंतरचा आनंद.

हे तिला आत्ता, या टेबलांच्या मधोमध उभं असताना कळलं, आणि सरांची, परीक्षकांची, कुणाचीच भीती उरली नाही. भीती वाटली ती स्वतःची. स्क्रूभोवतीची मूठ अजून मिटलेलीच होती. स्क्रू आता हाताइतकाच उबदार झाला होता, आत आहे की नाही तेही कळेना. आणि मूठ उघडून बघायचं सोडून ती पुढच्या टेबलाकडे वळली.