जगदेवी – निकाल

मी एक जुनी चित्रफीत आहे, मित्रांनो. मात्र माझ्या पाठीवर जे लिहिले आहे, त्यावर एकदम विश्वास ठेवू नका. तिथे निळ्या शाईत दोन शब्द आहेत : 'जगदेवी – निकाल'. माझे सारे आयुष्य त्या दोन शब्दांमधल्या आडव्या रेघेत अडकले आहे.

काळ्या डबीत गुंडाळलेली अर्ध्या तासाची कोरी फीत म्हणून मी नांदेडच्या एका लहानशा खोलीत आले. तिथे सरकारी दूरचित्रवाणीसाठी 'गावशीव' नावाचा कार्यक्रम तयार होत असे. निर्माते होते रेणुकादास, पूर्वी शिक्षक असलेले, इस्त्री केल्यासारखे बोलणारे. कॅमेरा असे दस्तगीरच्या खांद्यावर. त्याच्या घराण्यात तीन पिढ्या घड्याळे दुरुस्त होत आली होती.

तुम्हाला पडद्यावर एक गाव अर्धा तास दिसते. त्यासाठी रेणुकादास आधी कॅमेऱ्याशिवाय त्या गावात जात, चहा पीत, कोण मोकळे बोलेल ते हेरून येत. मग दस्तगीर जाई आणि माझ्यासारख्या सहा-सात फिती भरून आणी. त्यातले हवे तेवढे तुकडे जोडकामाच्या खोलीत दुसऱ्या फितीवर उतरवले जात. ती फीत घरोघर पोहोचे. आम्ही फळीवर परतत असू, नव्या चित्रणाखाली पुसले जाण्यासाठी. पुसले जाणे हाच आमचा पुनर्जन्म होता, आणि मला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

त्र्याण्णवच्या माघात आम्ही तेरणेकाठच्या एका गावी गेलो. विषय होता तिथली दगडमातीची जाड भिंतींची घरे. ओट्यावर बारा वर्षांची जगदेवी उभी होती.

"बाळ, घर किती जुने आहे तुमचे?" रेणुकादासांनी विचारले.

"आमच्या आज्याच्या आज्यानं बांधलंय. दोन हात रुंद भित हाय. ह्याला काय बी होत न्हाई!"

एवढे बोलून तिने भिंतीवर थाप मारली. वरून मातीचे ढेकूळ सुटले आणि तिच्या डोक्यावर फुटले. केसभर माती घेऊन ती अशी हसली की दस्तगीरच्या खांद्यावरचा कॅमेराही हलला.

"लागलं का गं, बेटी?"

"आपल्या घरची माती लागत असती व्हय!"

चित्रण संपले की दस्तगीर एक मिनिट त्या जागेचा नुसता आवाज टिपून घेत असे. जोडकामात तो उपयोगी पडतो. त्याने कॅमेरा रिकाम्या भिंतीकडे वळवला आणि बजावले, "आता मिनिटभर कुणी बोलायचं न्हाई. जगदेवी, तू तर अजाबात न्हाई." ते मिनिटही धड पार पडले नाही.

जोडकामाच्या खोलीत रेणुकादासांनी जगदेवीला पूर्ण वगळले. "भिंतींची मजबुती हा आपला विषय आहे," ते म्हणाले. "ढेकूळ पडलेले कसे दाखवणार?" तिच्या जागी गुरुपादप्पा नावाच्या म्हाताऱ्या गवंड्याचे ठाम वाक्य आले. कार्यक्रमाची वाहवा झाली. मित्रांनो, त्या अर्ध्या तासात खरे बोलले असते ते एकटे ढेकूळच, आणि ते माझ्या पोटात राहिले.

त्या साली गणपती बोळवून गावे निजली आणि पहाटे जमीन हलली. दोन हात रुंद भिंती आतल्या बाजूला पडल्या. मी नांदेडच्या फळीवर, सगळ्यांत खाली होते. खोलीतली काच नुसती थरथरली. तळाशी असल्यामुळे मी तोवर पुसली गेले नव्हते.

संक्रांतीनंतर एक बाई दारात आली. पत्र्याच्या तात्पुरत्या वस्तीतून दोन बसगाड्या बदलून ती आली होती.

"टीव्हीवाले हितंच का? मी केवळाबाई. माझी लेक तुमच्याकडं हाय."

रेणुकादासांनी तिला ओळखले आणि पाणी आणण्याच्या निमित्ताने ते बाहेर गेले. लवकर परतले नाहीत. दस्तगीरने मला शोधून यंत्रात घातले. लहान पडद्यावर जगदेवीने भिंतीवर थाप मारली, ढेकूळ फुटले, ती हसली. केवळाबाईने काचेवर तळवा टेकवला.

"आनखी एकडाव लावता का, भाऊ?"

दस्तगीरने पाच वेळा लावले. सहाव्या वेळी ती म्हणाली, "घरासंगं तिचा फोटू बी गेला. नाक कसं हुतं ते रातीचं आठवंना झालंय. म्हून आले. हे घरी न्हेता येतंय का?"

"प्रत काढायला वरून परवानगी लागती, मावशी. मी अर्ज टाकतो. तोवर हिला कोण हात लावनार न्हाई."

त्याने मला फळीवरून कपाटात हलवले आणि घाईघाईत माझ्या पाठीवर ते दोन शब्द लिहिले. त्याच्या घरच्या बोलीत 'निकाल' म्हणजे काढ, बाजूला कर. त्याची आई रोज म्हणे : डब्यातनं चावल निकाल, पेटीतनं चादर निकाल. जगदेवीला पुसायच्या फितींतून काढून ठेवा, एवढेच त्याला म्हणायचे होते. पण मराठीत निकाल परीक्षेचाही लागतो, मित्रांनो.

जून आला. लातूरच्या निकालांचा डंका वाजू लागला होता. हदगाव-किनवटची मुले तिथे खोल्या भाड्याने घेऊन राहत. शिकवणीवर्गांच्या पाट्या विजेच्या खांबांहून उंच झाल्या होत्या. दस्तगीर देगलूरला चित्रणासाठी गेला होता आणि लातूरच्या गुणवंतांवर तातडीने कार्यक्रम हवा होता. कोऱ्या फिती नव्हत्या. मालविका नावाच्या नव्या सहायिकेने कपाट उघडले.

"सर, ही 'जगदेवी, निकाल' मागच्या वर्षीची कुणी गुणवंत असेल ना? दाखवून झालेय. घेऊ का?"

रेणुकादासांनी मान वर केली नाही. जानेवारीपासून त्या कपाटाकडे पाहणे ते टाळत होते. "घे," ते म्हणाले. "निकाल काय, दरसाल नवा लागतो."

लातूरला माझ्यावर हार चढले, ढोल चढले, थकलेल्या डोळ्यांची मुले चढली. पंचविसाव्या मिनिटापर्यंत काम संपलेही होते. पण तिथल्या शिकवणीवर्गाच्या चालकांचे समाधान होईना. "पेढा परत भरवतो, ह्या टायमाला कॅमेऱ्याकडं बघून!" चार वेळा पेढा भरवला गेला. त्या चार मिनिटांखाली जगदेवी होती. मला थांबता येत नव्हते. फितीला पुढे सरकणे तेवढेच येते.

पंधरा दिवसांनी परवानगी आली. दस्तगीरने टाकलेल्या पोस्टकार्डावरून केवळाबाईही आली, त्याच्यासाठी शेंगांचे गाठोडे घेऊन. पडद्यासमोर पदर नीट करून बसली. मी सुरू झाले.

"ही कुनाची पोरं?" तिने विचारले.

दस्तगीरने मला पुढे पळवले, मागे पळवले. मालविका भेदरून म्हणाली, "पण भाऊ, तुम्हीच लिहिलं होतं ना, निकाल!"

"अगं, निकाल म्हंजे काढून ठेव!" तो ओरडला.

"चूक तिची नाही. या बाईंच्या लेकीला मी दोनदा पुसले, आधी कार्यक्रमातून, मग फितीवरून," रेणुकादास भिंतीकडे पाहत म्हणाले.

केवळाबाई उठली नाही. "चालू द्या की," ती म्हणाली. "सरंल तवर बघते. एवढी लांब आले."

चौथा पेढा भरवला गेला. पडदा चमकला आणि अचानक एक रिकामी भिंत आली. तिच्यासमोर कुणी नव्हते. चिमण्या, दूर कुठे बकरी, जात्याची घरघर. केवळाबाईने आपली भिंत ओळखली. एवढ्यात चौकटीबाहेरून, दटावलेल्या पोरीचा दबका आवाज आला :

"बोलू का आता?"

"बोल गं माय," केवळाबाई काचेला म्हणाली. "बोल की."

पण फीत तिथे संपली होती.

तिने प्रत मागितली नाही; मलाच मागितले. रेणुकादासांनी कुणाची परवानगी न घेता मला तिच्या ओटीत घातले. तेव्हापासून मी नव्या गावठाणातल्या तिच्या पातळ भिंतींच्या घरी कोनाड्यात आहे. आता माझ्यावर पांढरी बुरशी धरली आहे, आणि मला वाजवणारे यंत्र त्या पंचक्रोशीत राहिलेले नाही. तरी ती रोज मला पुसते; या घरात पुसण्याचा अर्थ निराळा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही जुन्या फिती असतील. त्यांच्यावर अर्धवट शब्द लिहू नका, आणि नुसते नाव वाचून त्या पुसू नका. एकदा शेवटपर्यंत पाहा. माझ्या शेवटच्या मिनिटात एक मुलगी अजून परवानगीची वाट पाहते आहे.